लोकरीच्या गावातली फुगडी

निघायला उशीर झाला तो शिरीषच्या नव्या बुटांमुळे. जत्रेला जायचं तर नवे बूट कशाला, हा माझा प्रश्न. आणि नवे बूट असताना जुने कशाला, हा माझ्या नवऱ्याचा. अखेर नवे बूट गाडी चालवायला बसले, मांडीवर इंटरनेटवरून छापलेला रस्ता घेऊन मी शेजारी बसले आणि जूनमधल्या एका शनिवारी आम्ही ॲन आर्बर सोडलं. साल २००५. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या आणि आमच्या शेजारीणबाई, मार्था. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी कुंपणाशी उभ्या राहून तासन् तास बोलायच्या. काय बोलायच्या ते देव जाणे.

ओहायोत मार्थाबाईंचं माहेर, आणि माहेरच्या गावी आज लोकरीची जत्रा. त्यांनी आमंत्रण दिलं तसं मी झडप घालून घेतलं, त्याला कारण होतं. बाबा गेल्यावर साताऱ्याच्या घरी एकट्या पडलेल्या आईंना आम्ही सहा महिन्यांसाठी इथे आणलं होतं, पण इथेही त्या गप्पच असायच्या. एप्रिलमध्ये आमच्या घरी महाराष्ट्र मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आईंनी पातेलंभर कैरीची डाळ केली, पन्हं केलं आणि बायका यायला लागल्या तशा स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "मी कशी येऊ गं तिथं आता?" एके काळी मंगळागौरीत यांच्या फुगडीला अख्ख्या पेठेत जोड मिळत नसे! मला इतका राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. मग त्यांनी परतीचं तिकीटही अलीकडे आणायला लावलं. जुलैत त्या निघणार होत्या. त्याआधी एकदा त्यांना खळखळून हसवायचंच, असा माझा हट्ट होता. नायगारा झाला, शिकागो झालं. दोन्हीकडे त्या "छान आहे हो" म्हणाल्या. आता उरली होती मेंढरं.

"मेधा, एक्झिट गेली ना यार!" शिरीष ओरडला. "तू मॅप बघतेयस की डोनट खातेयस?"

मी दोन्ही करत होते. पुढची एक्झिट घेऊन वळलो तर दोन्ही बाजूंना गुडघाभर मका, आणि रस्त्यावर एकच ट्रॅक्टर. ही बाजू मार्थाबाईंनाही अनोळखी, म्हणून ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी काच खाली करून गावाची वाट विचारली. "नाक उघडं ठेवा, वास येईल तिकडे वळा," तो म्हणाला. आम्ही तसंच केलं आणि खरोखर पोचलो.

गाव एवढंसं, पण भर चौकात उंच दगडी क्रूस आणि त्याभोवती लोखंडी कठडा. अमेरिकेत मी असा चौक कुठे पाहिला नव्हता. मार्थाबाईंनी हकिगत सांगितली आणि मी ती आईंसाठी मराठीत करत गेले. यांचे पूर्वज इंग्लंडातल्या एका बाजारगावचे विणकर. तिथे अशाच क्रूसाखाली लोकरीचा बाजार भरायचा. लोकरीवर गाव इतकं गबर झालं की व्यापाऱ्यांनी आकाशाला टेकेल असं चर्च बांधलं. पुढे यंत्रं आली, मोठ्या गिरण्या दुसरीकडे गेल्या, हातमागवाल्यांच्या चुली थंडावल्या. तेव्हा काही घरं जहाजात बसली आणि हिंडत हिंडत या नदीकाठी आली. आल्या आल्या त्यांनी आधी चौक आखला, मग घरं बांधली. इथेही गिरणी उभी राहिली, लढाईवरच्या शिपायांसाठी घोंगड्या विणून भरभराटली आणि एक दिवस बंद पडली. आता तिच्यात जुन्या खुर्च्या विकतात.

"म्हणजे गाव सोडताना चौक बरोबर घेऊन आले," आई म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे सर्वांत मोठं वाक्य.

आम्ही फनेल केक (पिठाची वेटोळी तळून वर साखर भुरभुरलेला पदार्थ) घेतला. "जिलबी पाकात घालायला विसरलेत," आईंनी निकाल दिला आणि अख्खी खाल्ली. मेंढ्या पाहिल्या, त्या भादरताना पाहिल्या. मग मार्थाबाई आम्हाला नदीकाठच्या दोन मोठ्या लाकडी टबांपाशी घेऊन गेल्या.

विणलेलं लोकरी कापड सुरुवातीला विरविरीत असतं. ते ओलं करून पायांनी तुडवलं की आटून घट्ट होतं. याला फुलिंग म्हणतात. पूर्वी हे काम करणाऱ्यांना वॉकर म्हणत, ते आडनाव अजून आहे. आणि तुडवताना आत काय ओतायचे? शिळी लघवी! हे भाषांतर करताना मी अडखळले, पण आई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे गोमूत्र असतं तसं. आता काय घालतात, तेवढं विचार." आता साबणाचं कोमट पाणी होतं.

जत्रेची खरी गंमत याच टबांत. नदीच्या अलीकडचे एक टब घेतात, पलीकडचे दुसरा. प्रत्येक बाजूच्या दोन बायका एकमेकींचे हात धरून घोंगडी तुडवतात. मग आपल्यातल्या एका माणसाच्या डोक्यावर ती घोंगडी धरून वरून बादली ओततात. ज्याचा माणूस कोरडा, तो जिंकला. मार्थाबाई अलीकडच्या. त्यांची जोडीदारीण गुडघा धरून बाकावर बसली होती. मार्थाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आईंचा हात धरला. "कुसुम, कम!"

बाबा गेल्यापासून आईंना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्या दचकल्या. हात सोडवत मला म्हणाल्या, "अगं, सांग त्यांना. हे गेले, मी कशी खेळू?"

मी सांगितलं. मार्थाबाई स्वतःही विधवाच. त्या म्हणाल्या ते मी जसंच्या तसं मराठीत केलं, "आई, त्या म्हणतात, नवरा गेला, पाय शाबूत आहेत ना?"

आईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि टबात पाय टाकला.

शिट्टी झाली. वरखाली पाय आपटायचे, एवढंच काम. काही वेळ आईंनी ते नीट केलं. पण समोर बाई, हातात हात, आणि पायाला पाय! त्यांनी कधी हातांची अढी घातली, कधी पावलं जुळवली, मला दिसलंच नाही. एकदम दोघी मागे रेलल्या आणि टबात फुगडी सुरू झाली. मार्थाबाई किंचाळल्या, पण हात सोडले नाहीत. फेस चौफेर उडायला लागला, लोक टाळ्यांनी ताल धरू लागले, आई तोंडाने "फू, फू" करत गरगरत होत्या. बघूनच मला घेरी यायची वेळ आली. मी नाचत होते, ओरडत होते. शेवटी साबणावरून पाय सटकले आणि दोघी फेसात फतकल मारून बसल्या. आणि मग आई हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून, श्वास लागेपर्यंत हसल्या. मला रडू फुटलं.

घोंगडी बाहेर काढली तर ती मधोमध पिळून पिळून गादीसारखी जाड झाली होती आणि कडा आत ओढल्या जाऊन ती निम्मी उरली होती. तिच्याखाली उभं राहायला अलीकडच्यांनी शिरीषला धरलं. बादली ओतली. डोक्याला थेंबही लागला नाही! पण सगळं पाणी चारी कडांनी त्याच्या खांद्यांवर आणि तिथून थेट नव्या बुटांत गेलं.

"डोकं ड्राय आहे! टेक्निकली आपण जिंकलोय!" शिरीष वाद घालू लागला. पंच हसत म्हणाले, माणूस म्हणजे नुसतं डोकं नव्हे. पलीकडच्यांचा माणूस बुटांपर्यंत कोरडा होता. आम्ही हरलो. हरलेली घोंगडी मार्थाबाईंनी आईंच्या हातात दिली. आईंची पिवळी साडी क्रूसाभोवतीच्या कठड्यावर वाळत पडली आणि त्या स्वतः जन्मात पहिल्यांदा पँट घालून, मार्थाबाईंची, लेमोनेड पीत चौकात बसल्या.

परत येताना मागच्या सीटवर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होत्या. शिरीष अनवाणी गाडी चालवत होता. घरी आल्यावर आई तिकीट पुढे ढकलतील अशी मला वेडी आशा होती. तसं काही झालं नाही. ठरल्या दिवशी त्या गेल्या. सामान जास्त झालं म्हणून लोणच्याची बरणी ठेवून गेल्या, घोंगडी मात्र घेऊन गेल्या. इंग्लंड मी अजून पाहिलेलं नाही. पण गाव सोडताना काय बरोबर न्यावं, हे त्या विणकरांना पक्कं ठाऊक होतं, असं घोंगडीविना रिकामं दिसणारं कपाट आवरताना वाटलं.

श्रावणात आईंचा फोन आला. शेजारी नव्या सुनेची मंगळागौर झाली होती.

"तुम्हाला बोलावलं होतं?" मी भीत भीत विचारलं.

"नाही. मीच गेले."

"मग?"

"मग काय, सगळ्या गप्प बसल्या. मी म्हटलं, नवरा गेलाय, पाय शाबूत आहेत. तशी ती नवी सूनच उठली. पण जोर नाही गं तिच्यात. मार्थाबाईंना सांग, त्यांच्यासारखी जोड इथं मिळत नाही."

मी फोन ठेवला आणि चपला न घालताच कुंपणाकडे धावले.