साडेनऊ इंचाचं पैंजण

हुपरीतली वैशाखातली एक दुपार... वीसेक वर्षं तरी झाली. मालन सिस्टर पुढे, मी मागे आणि सकाळपासून एकेक दार आमच्या तोंडावर बंद.

कोल्हापूरच्या एका संस्थेचा उपक्रम होता. गरिबाघरच्या गरोदर बायकांची नावं लिहून घ्यायची, मग सिस्टर दर महिन्याला घरी येऊन तपासणार... फुकट. पण नर्स म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला आलेली बाई, हा गावाचा पक्का समज!

मी बातमीदार, त्यात संस्कृत शिकलेला, म्हणून पत्रक माझ्या गळ्यात. मी 'गर्भिणी-गृहभेट-उपक्रम' असा दणदणीत समास ठोकला होता. हुपरीकरांनी त्यात चांदीचे मणी बांधले... पुड्या झकास होतात म्हणाले.

शेवटच्या घरात सासू-सून पैंजणांच्या कड्या जोडत बसलेल्या. सुनेला सातवा महिना. चेहरा सुजट, मधेच कपाळ दाबत होती.

"नाव-बिव न्हाय लिवायचं," सासूबाई कडाडल्या. "डोकं दुखतंय म्हणं! आमचं काय दुखत न्हवतं व्हय?"

मी समासाचा विग्रह करायला तोंड उघडलं... सिस्टरनी डोळ्यांनीच गप्प केलं. वाद घालायचं त्राणच त्यांच्यात उरलं नव्हतं. भुईवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि समोरचं तयार पैंजण उचललं.

"आक्का, सुनंच्या मापाचं हाय का हे?"

"व्हय की. साडेनऊ इंच. लग्नात मीच माप घेतलंय."

"घाला बघू."

सासूबाईंनी सुनेचा पाय मांडीवर घेतला. पैंजण ओढलं, पण दोन टोकं जुळेनात... बोटभर अंतर. दुसऱ्या पायाचीही तीच गत. पायांची मापं घेण्यात जन्म गेलेली बाई ती... तिनं सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला.

मग म्हणाली, "सिस्टर, ते पट्ट्याचं मशीन लावा की हिला."

बीपी भलतंच वाढलेलं. तासाभरात जीप कोल्हापूरच्या वाटेला लागली. पुढे बरेच दिवस दवाखान्यात काढून सून मुलगी घेऊन घरी आली, दोघी सुखरूप.

त्यानंतर दर फेरीला सासूबाई सिस्टरच्याही पुढे. दारात जाऊन एकच आरोळी, "पाय दाव गं आधी!" नावांच्या वहीची पानं भरायला लागली. माझं पत्रक पुन्हा कुणी मागितलं नाही.

सिस्टरच्या त्या दिवशीच्या थकव्याचे मात्र मी अजून आभार मानतो... अंगात त्राण असतं, तर आम्ही संध्याकाळपर्यंत पटवून देत बसलो असतो.