हळदीचा कोपरा

फाल्गुन उतरणीला लागला की सावली गावातल्या आमच्या अंगणात दोन वास एकमेकांत मिसळू लागतात. एक शेजारी वाळत घातलेल्या मोहफुलांचा, गोड आणि थोडा जड. दुसरा आमच्या चुलीवरच्या पातेल्यात सोड्याच्या पाण्याबरोबर शिजणाऱ्या धानाच्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ओला, उग्र, गोठ्याच्या ओळखीचा. पाहुण्यांना पहिला वास आवडतो आणि दुसऱ्यानं त्यांचा हात नाकाकडे जातो. माझं मात्र पोट या दुसऱ्या वासावर चालतं, त्यामुळे त्याला वाईट म्हणणं मला परवडत नाही.

मी कागद करते. शिजलेलं तणस आणि शिंप्याकडून आणलेल्या सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो टाक्यातल्या पाण्यात सैल सोडायचा, जाळीची चौकट त्यात बुडवून अलगद वर उचलायची आणि पाणी निथळल्यावर जाळीवर उरलेला तो पातळ, थरथरता थर कापडावर उपडा करून दगडाखाली दाबायचा. पुढचं काम ऊन करतं. वाळलेल्या कागदात तणसाचे सोनेरी तुकडे दिसतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हापुढे तो धरला तर कापणी झालेल्या धानाच्या बांधीचा एखादा चतकोर हाती आल्यासारखं वाटतं. या कागदावर शिक्क्यांनी नक्षी उमटवून मी भेटकार्डं, पाकिटं, वह्या करते आणि नागपूर-पुण्याच्या प्रदर्शनांतून विकते.

शिक्के बाबा करतात. त्यांचं सारं आयुष्यच रबरी शिक्क्यांत गेलं. अक्षरांचे खिळे उलटे जुळवायचे, त्यांचा साचा प्लास्टरमध्ये घ्यायचा, साच्यावर रबर दाबून भाजायचं. भाजलेल्या रबराचा तो करपट वास माझ्या लहानपणाला कायमचा चिकटून आहे. सरपंच, सचिव, मुख्याध्यापक, ‘मिळाले’, ‘नामंजूर’, ‘खरी प्रत’, असा तालुक्याचा अर्धा कारभार आमच्या पडवीतून बाहेर पडायचा. पुढे संगणकावर बघता बघता शिक्के तयार होऊ लागले आणि बाबांचं यंत्र थंडावलं. मी त्यांच्याकडे धानाची लोंबी कोरून मागितली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. शिक्का म्हणजे हुकूम, चित्र नव्हे, असं त्यांचं ठाम मत. तरी त्यांनी लोंबी कोरली, आणि तीही अशी की दाण्यांच्या भारानं ती खरोखरच वाकलेली दिसावी.

आता कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. चौकटीच्या कडेला लगदा विरळ पसरतो आणि कोपऱ्यापर्यंत तो नीट पोचेलच असं नाही, त्यामुळे हाती केलेल्या कागदाचे कोपरे विरलेले, कुरतडल्यासारखे दिसतात. मोठा ताव पाण्याची रेघ ओढून हातानं चार भागांत फाडला की प्रत्येक भागाच्या वाट्याला असा एक कोपरा येतो. प्रदर्शनातले लोक नेमका तोच बोटानं चाचपतात, हाताचं काम आहे म्हणून एकमेकांना दाखवतात, आणि मीही हळूहळू त्यांच्याच डोळ्यांनी पाहायला शिकले. यंत्राला न जमणारी ती अपूर्णता मला आपली सही वाटू लागली. अपूर्णता हा शब्दही तिथंच उचललेला. आमच्याकडे त्याला कोपरा गेला एवढंच म्हणतात.

एक गोष्ट मात्र सलत होती. माझा कागद दूरदूर जात होता, पण आमच्या पट्ट्यात तो कुणी घेत नव्हतं. इथल्या लग्नपत्रिका चंद्रपूर-गडचिरोलीच्या छापखान्यांतून येतात, गुळगुळीत आणि चकचकीत. तणसाचा कागद विकत घ्यायचा ही कल्पनाच आमच्या माणसांना गमतीची वाटते, कारण तणस त्यांच्या घरी गुरं खातात. म्हणून वैनगंगेकडच्या गावातल्या, ओळखीच्या मारोतीभाऊंच्या लेकीनं, वंदनानं, आपल्या लग्नाच्या पत्रिका माझ्याच कागदावर हव्यात असा हट्ट धरला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. बाबांनी पुन्हा खिळे काढले, नावागावाचा आटोपशीर मजकूर जुळवला आणि पडवीत पुन्हा रबराचा वास भरला. जन्मभर हुकूम उमटवले, आता कुठं ‘अगत्य येणे’ जुळवतो आहे, असं ते स्वतःशीच हसून म्हणाले. मजकुराखाली लोंबी उमटवून, पिवळ्या फडक्यात गठ्ठा बांधून मी तो मारोतीभाऊंच्या घरी पोचता केला.

थोड्याच दिवसांत वंदनाची आई, अनुसयाबाई, आमच्या दारात उभ्या राहिल्या. एसटीनं आल्या होत्या, उन्हानं चेहरा लाल झाला होता, पण आत बोलावलं तरी त्या उंबरठ्यापाशीच थांबल्या आणि हातातला गठ्ठा त्यांनी बाहेर ओट्यावर ठेवला. फडकं तेच होतं. ते तसं बाहेर ठेवलेलं पाहिलं आणि काहीतरी बिनसलं आहे हे मी ओळखलं.

मयताची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा एक कोपरा फाडून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. न वाचताच हाती घेणाऱ्याला कळावं, म्हणून. असं पत्र घरात न्यायचं नाही. बाहेरच्या बाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. आता अशी वार्ता फोनवर येते, त्यामुळे ही चाल मोडली असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे तसा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता. पण डोळ्यांची सवय मोडत नाही. मारोतीभाऊंची थोरली बहीण भागरताबाई धानोऱ्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. तिचा एकुलता एक मुलगा देवाजी मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. धानोऱ्याकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिची पत्रिका धाडली होती आणि त्या माणसानं घाईघाईत ती अंगणातल्या खाटेवर ठेवली. भागरताबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कोपरा गेलेला कागद पाहिला, त्याला हातही लावला नाही, आणि तिथंच मातीत बसून देवाजीच्या नावानं गळा काढला.

सगळं गाव गोळा झालं. कुणीतरी कागद उचलून वाचला, वंदनाचं लग्न आहे म्हणून सांगितलं, आणि मग जी माणसं रडायला आली होती ती हसून परत गेली. भागरताबाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की त्या लग्नाला येणार नाहीत. जिवंत लेकासाठी ज्या हातानं छाती पिटली, तो हात नवरीच्या हळदीला लावायचा नाही. वंदनाला आत्यानं पहिली हळद लावायची, हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. पोरगी तेव्हापासून जेवत नव्हती, असं अनुसयाबाई म्हणाल्या. मला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. मग त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून माझ्यापुढं धरली.

“पत्रिकेच्या कोपऱ्याले हळद लावतत, ताई. इथी कोपराच नाई, त मी हळद कुठी लावू?”

बाबांनी पत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, मग हळदीचाच कोपरा लावू या. अनुसयाबाई ओट्यावरच बसून राहिल्या. लगद्यात हळद कालवून मी पातळ पिवळे ताव काढले, ते उन्हात खडखडीत वाळवले, त्यांचे तुकडे कापून भाताच्या खळीनं एकेका पत्रिकेला तिचा गेलेला कोपरा जोडला. तणसातला सोडा नीट धुतला गेला नसला की हळद त्यात लाल होते, हे ठाऊक असूनही घाईत एका खेपेच्या लगद्याचं धुणं कमी पडलं. तुकड्यांच्या कडा कुंकवासारख्या लालसर झाल्या. मी ते बाजूला काढू लागले तर अनुसयाबाईंनी माझा हात धरला. हळद आली, कुंकूही आलं, आणखी काय पाहिजे, असं त्या म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा आत येऊन बसल्या.

अशी जोडलेली पत्रिका घेऊन अनुसयाबाईंनी आणि मी धानोऱ्याची गाडी धरली. पळसाचा बहर संपत आला होता, सडकेच्या दोन्ही अंगांना सागाची वाळली पानं पसरली होती आणि खिडकीतून येणारा वारा मोहाच्या वासानं भरलेला होता. एरवी या वाटेवर मी शिक्क्यांसाठी पानाफुलांचे आकार टिपत जाते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही बाई मला दारात उभी करील की नाही.

भागरताबाईंनी दारात उभं केलं, खाट टाकली, पाणीही दिलं. पत्रिका घेतली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि हे तुम्हीच केलं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. कागद चांगला आहे म्हणाल्या आणि परत माझ्या हातात ठेवला. भावजयीनं नाना परीनं समजावलं, पण त्या ऐकूनच घेत नव्हत्या. नजर अंगणाच्या फाटकावर. तेव्हा मला उशिरानं सुचलं, आणि त्या दिवसापासून देवाजीशी बोलणं झालं का, एवढंच मी विचारलं.

झालं नव्हतं. गावात फोन लागत नाही, तलावाच्या बांधावर, पाळीवर गेलं तर लागतो. आणि भागरताबाई पाळीवर गेल्याच नव्हत्या. कागदानं खोटं सांगितलं हे साऱ्या गावानं त्यांना पटवलं होतं. पण फोननं तेच खरं म्हणून सांगितलं तर, या भीतीनं त्यांचे पाय उचलत नव्हते. रुसवा, अपशकुन, हळदीचा हात, हे सगळं त्या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं. मी फक्त चला म्हटलं, आणि त्या लहान मुलासारख्या माझ्यामागून चालू लागल्या.

पाळीवर ऊन कलतं झालं होतं, आटत आलेल्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या. देवाजीचा फोन बंद होता. दुसऱ्यांदाही बंद. भागरताबाई खाली मातीत बसल्या. मग अनुसयाबाईंना आपल्याच गावच्या, मिरची तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाचा नंबर आठवला, त्यानं शेतातून हाक मारली, आणि बऱ्याच वेळानं, तेलुगूच्या गलबल्यातून, धाप लागलेला एक आवाज आला.

“काऊन वं माय?”

मी फोन त्यांच्या कानाशी धरला होता, म्हणून मला तो ऐकू आला. भागरताबाईंनी त्याला काही म्हणजे काही सांगितलं नाही.

“जेवला का?” एवढंच त्यांनी विचारलं.

तो जेवला होता. मग त्या रडल्या, आणि या वेळी मीही रडले; कशासाठी, त्याचा हिशेब लावत बसले नाही. पाळीवरून उतरताना त्यांनी माझ्याकडून पत्रिका मागून घेतली आणि पदराखाली धरून घरात नेली. वंदनाच्या हळदीला त्या आल्या. पहिला हात त्यांचाच लागला, आणि तो मी मांडवातून पाहिला.

वैशाख सरता सरता देवाजी परतला आणि एके दुपारी सावली गावात आमच्या पडवीत येऊन उभा राहिला. उंच, हसरा, मिरचीनं बोटांची सालं निघालेली. ज्या कागदानं आपल्याला मारलं तो कागद पाहायचा आहे, असं त्यानं हसत सांगितलं, आणि बाबाही हसले. गठ्ठ्यातली कोपरा न जोडलेली एक पत्रिका मागं राहिली होती, ती मी शोधून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उन्हात धरली, तणसाचे तुकडे पाहिले, कुरतडलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. एवढ्याशासाठी आई रडली, असं काहीसं तो पुटपुटला. मग आठवण म्हणून मागून घेतली, खिशाशी नेली, आणि त्याचा हात तिथंच थांबला.

“याले हळदीचा कोपरा लावून द्या, ताई. असा कसा नेऊ घरी?”

मी पिवळा तुकडा काढून खळ लावली. वाळेपर्यंत देवाजी तो अंगठ्यानं दाबून बसला, आणि तेवढ्या वेळात तो एकदाही हसला नाही.

आता आमच्या पट्ट्यातून पत्रिकांची कामं येतात, आणि लोक तो हळदीचा कोपरा आवर्जून मागतात. प्रदर्शनांसाठी मात्र कागद अजूनही कोपऱ्याविनाच जातात. तिथं त्याचं कौतुक होतं आणि मलाही ते अजून आवडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तावाचे भाग रचून गठ्ठा बांधताना माझा तळहात हल्ली आपोआप त्या कोपऱ्यावर जातो, आणि दोरी आवळून होईपर्यंत तो झाकलेलाच राहतो. घरात तर तेव्हा मी आणि बाबा, दोघंच असतो; कोपरा पाहून दचकेल असं तिसरं कुणी नसतं.