लोतेसाठी शाळा

प्रशिकने तोंड बंद ठेवलं असतं, तर लोतेचा प्रवेश त्याच सकाळी झाला असता. त्याचं काम फक्त मिनलताईंची गाडी चालवायचं. त्या मूळच्या नागपुरातल्या नंदनवनच्या, नवरा डच इंजिनिअर. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी नागपूरला पाठवलेलं. आठ वर्षांच्या लेकीसाठी, लोतेसाठी, शाळा बघायची होती. पण रस्ता लांब, आणि आपल्या भिवापूरच्या जिल्हा परिषद शाळेचा विषय निघाला की प्रशिकला ब्रेक लागत नसे. तिथे झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला. घंटा म्हणून त्यावर टोला हाणायचा मान प्रशिकचा. त्याला भूक लागली की शाळेची मधली सुट्टी!

इंटरनॅशनल शाळेच्या थंडगार ऑफिसात लोतेने आईकडून शिकलेल्या मराठीत विचारलं, "घंटा कोण वाजवतं?"

"बेटा, इथे आपोआप म्युझिक वाजतं," तिथल्या मॅडम म्हणाल्या.

झालं! पोरगी खुर्चीला चिकटली. "मला प्रशिकमामाची शाळा पाहिजे."

"काहून भरवलं गा तिच्या डोक्यात?" बाहेर येताच मिनलताई कडाडल्या. तरी परतताना त्यांनीच गाडी नंदनवनातल्या महापालिकेच्या शाळेकडे वळवायला लावली. त्या स्वतः तिथेच शिकल्या होत्या.

पटांगणभर खिचडीचा वास. पोरींनी लोतेची सोनेरी वेणी चाचपून पाहिली आणि तिला सरळ लंगडीत ओढलं. मिनलताईंचे डोळे भरून आले. "इथंच टाकू का गा हिले?"

प्रशिकची छाती फुगली. "टाका ना ताई! माणूस घडते इथं."

"तुही पोरगी कुठं जाते?"

प्रशिकने बुटाने माती उकरली. "कॉन्व्हेंटले."

"काहून?"

"मी नागपूरले कॉलेजात आलो, तं वर्षभर मागच्या बाकावर मुका बसलो, ताई. इंग्रजी समजेच ना. तिच्यावर तशी पाळी नोको."

मिनलताईंनी लंगडीतल्या लोतेकडे पाहिलं. दोन वर्षांनी लोतेलाही परत जाऊन तिकडच्या वर्गात बसायचं होतं.

"आठवण आपल्याले येते, अन् वर्गात बसायचं पोरीनं," त्या म्हणाल्या. "चाल, तिकडं इंटरनॅशनललेच प्रवेश घेऊन टाकू."

त्यांनी हाक मारली तेव्हा लोतेला नुकतंच कुणीतरी शिवलं होतं. आता लंगडी घालत सगळ्यांना पकडायचा डाव तिच्यावर होता.

"डाव देऊन जाय वं!" पोरी ओरडल्या.

"उद्या देते!"

आता लोते इंटरनॅशनल शाळेत छान रमली आहे. पण गाडी नंदनवनातून निघाली की विचारते, "मामा, माझा डाव?"

"रविवारी देऊ," प्रशिक म्हणतो.

रविवारी शाळा बंद असते.