मिस शांता

देवासला लाखेच्या बांगड्या घेताना तापलेल्या लाखेचा वास आला आणि धारच्या शांतावहिनी आठवल्या. शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांची ही बायको. मुंबईला जाऊन त्यांनी एक रेकॉर्ड केली होती. एका बाजूला येशूचं भजन, दुसरीकडे माळवी लग्नगीत. तेव्हा रेकॉर्डी लाखेच्याच असत.

ती टपालाने आली तेव्हा मी तिथेच होते. मास्तरांनी लेबल वाचलं.

"मिस शांता? अन् मी कोण? उद्या बाजारात विचारतील, भिया, ये मिस कौन?"

"कंपनी सगळ्याच बायकांना मिस लिहिते हो. पुन्हा बोलावलंय, तेव्हा सौ. लिहायला सांगते."

"पुन्हा नाही जायचं."

त्यांनी रेकॉर्ड शेगडीवर धरली, मऊ झाल्यावर फडक्याने कडा वर वळवल्या आणि वाटी करून वहिनींपुढे ठेवली. "घे, कामाला येईल."

मला ती जादू वाटली. वहिनी पुढे चर्चमध्येसुद्धा गायल्या नाहीत. वाटी खिडकीत रिकामीच असे.

"वहिनी, सुया-बटणं तरी ठेवा की हिच्यात," मी एकदा म्हटलं.

त्यांनी वाटी माझ्यापुढे तिरकी धरली. वाटीच्या तळाशी ते लेबल होतं. काहीही ठेवलं असतं तरी नाव झाकलं गेलं असतं.