हो साहेब

लिहिण्याएवढी माझी पोच नाही. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण राग गिळवत नाही.

अप्पांचं कानाचं यंत्र महिनाभर कंपनीकडे दुरुस्तीला पडलंय. फोन केला तर बाई म्हणाल्या, “ग्राहकानं स्वतः बोलायला हवं.”

“अहो मॅडम, वडलांना ऐकू येत नाही, म्हणून तर यंत्र दुरुस्तीला दिलंय!”

“नियम आहे, सर.”

शेवटी फोन अप्पांच्या कानाला लावला. जन्मभर मुकादमापुढे उभे राहिलेले अप्पा काहीच ऐकू न येता मान लववून म्हणत राहिले, “हो साहेब. हो साहेब.”

न ऐकता हो म्हणायची ही सवय त्यांना कुणी लावली? तिच्यावर किती जण पोसले गेले?

संध्याकाळी मेसेज आला: ‘ग्राहकाच्या संमतीने तक्रार बंद केली आहे.’