हातोडीकाकांच्या कॅसेटी

हातोडीकाकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी वाजवून बघत. चहाचा कप आला तर नखाने टिचकी, माठ दिसला तर बोटाच्या पेराने टकटक, आणि कुणी वास्तुशांतीला बोलावलं तर पानावर बसण्याआधी चारी भिंतींना ठोके. एका बांधकामाच्या गुत्तेदाराच्या नव्या घरात त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "हितं आतून पोकळ हाय." त्या घरचं बोलावणं त्यांना पुन्हा कधी आलं नाही. भिंत पोकळ होती, मी खोटं कशाला बोलू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ते पूर्णा जंक्शनवर नोकरीला होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जायचं आणि आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते ओळखायचं, हे त्यांचं काम. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सगळं स्टेशन त्यांना हातोडीकाका म्हणायचं, आणि त्यांनाही तेच आवडायचं.

मी पूर्ण्याजवळच्या चुडाव्याची. आमची मेंढरं होती आणि जोडीला तीन एकर कोरडवाहू. दहावी झाल्यावर मी पूर्ण्याच्या कॉलेजात जायचं म्हटलं तर सगळ्या भावकीनं नाकं मुरडली. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, रेल्वेचा पास काढून दिला, पण देताना बजावलं, "गावात एक शब्द उठला की कालेज बंद." आबा फार बोलत नसत आणि बोललेलं मागे घेत नसत. माझ्याआधी चुलत बहिणीचं शिक्षण असंच एका शब्दावर बंद झालेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे मी खाली मान घालून जायची आणि खाली मान घालून यायची. कॉलेजात मुली मला मुकी समजत.

एका दुपारी परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. खालून काकांचे ठोके येत होते. ठण, ठण, ठण, आणि मध्येच एक बद्द. नेमकं तेव्हाच कुणीतरी काकांना हाक मारली, त्यांचं लक्ष उडालं आणि ते पुढे सरकले. कळपात पन्नास घंट्या वाजत असताना कोणत्या मेंढीची घंटी चिरली हे आम्हा मेंढरांच्या घरच्या पोरांना झोपेतसुद्धा कळतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मागचं चाक फुटकं वाजायलंय." ते परत फिरले, दोनदा ठोकून पाहिलं आणि सरळ गाडीखाली शिरले. डबा गाडीतून सोडवून बाजूला काढावा लागला. गाडी दोन तास अडकली आणि अख्ख्या डब्यानं मला शिव्यांची लाखोली वाहिली. काकांनी मात्र खिडकीशी येऊन विचारलं, कोणाची तू, कुठली. मग म्हणाले, "तुला एक ऐकवायचंय. उद्या ये."

स्टेशनामागे रेल्वेचे क्वार्टर होते. काकू वारलेल्या, एकुलती मुलगी सिकंदराबादला दिलेली. घरात काका आणि दोन लोखंडी पेट्या भरून कॅसेटी. नोकरीच्या कामानं हैदराबादला गेले की तिथल्या जुन्या बाजारातून ते हे सगळं उचलून आणायचे. परदेशी लोक जाताना विकून गेलेलं, कुणाच्या आजोबाचं घरच्यांनी फुंकून टाकलेलं. टेप खिडकीत, काका उंबऱ्यावर आणि मी बाहेर ओट्यावर, शेजारच्या बायका तांदूळ निवडत बसायच्या त्यांच्यात. बायका म्हणायच्या, लावलं का तुमचं कोकलणं! पण उठून कुणी जायचं नाही.

त्यांचा एक दंडक होता. कॅसेटवरचं नाव ते कागद चिकटवून झाकून टाकत. कोण वाजवतंय, कुठल्या देशाचा, किती मोठा, काही सांगायचं नाही. "नाव कळलं की मानूस नावाला मुजरा करतो. मंग कान बंद." ऐकून झालं की एकच प्रश्न असायचा: काय ऐकलंस? भारी वाटलं, छान वाटलं, असलं उत्तर चालायचं नाही. सुरुवातीला माझी बोबडी वळायची. मग हळूहळू मी सांगू लागले, माझ्या घरच्या भाषेत, कारण दुसरी मला येत कुठं होती? आणि मी सांगेन त्यावरून काका त्या कॅसेटीचं बारसं करत.

एक कर्णा फुंकणारा होता. दोन सूर काढायचा आणि थांबायचा, जणू पायरीवर बसून श्वास गोळा करतोय. मी म्हटलं, ह्याला दमा हाय. त्याचं नाव पडलं दमेकरी. एक बाई होत्या, आपल्याकडच्या, ख्याल गाणाऱ्या. अर्धा तास त्या एकाच सुराभोवती फिरत राहायच्या, म्हणून त्या झाल्या रहाटवाल्या आक्का. यंत्रावर केलेलं एक संगीत होतं, सगळं मोजून मापून चालणारं, त्याला आम्ही गिरणी म्हणायचो. आणि चौघाजणांचं एक होतं, विजेच्या गिटारी, ढोल आणि गळा फुटेस्तोवर ओरडणारा एक गडी. त्याचं नाव भांडण. बारावीच्या वर्षी माझ्या डोक्यात इंग्रजीच्या धड्यांपेक्षा ही मंडळी जास्त होती.

व्हायचं तेच झालं. आमच्या गावचा एकजण स्टेशनामागे मला ओट्यावर बसलेली बघून गेला आणि पारावर बोलला. आबांनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी घरात आले, खुंटीवरच्या माझ्या पिशवीतून पास काढला आणि खिशात घातला. माय रडली, मी रडले. परीक्षा तीन महिन्यांवर होती. भिंतीला डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं, पण आबांपुढे तोंड उघडायची ताकद कुणाच्यात होती!

मी चार दिवस दिसले नाही म्हणून काकांनी गाडीतल्या पोरींकडे चौकशी केली. आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं ते एका हातात टेप, एका हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मेंढरं नुकतीच जाळीच्या वाघरात कोंडली होती. आबांनी बाजेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. काका म्हणाले, "पोरगी माझ्याकडं येऊन काय करती, ते तुमीच ऐका." पिशवीत चार-पाच कॅसेटी होत्या, लावायची होती रहाटवाल्या आक्कांची. भजनासारखं शांत आहे, म्हाताऱ्या माणसाला पटेल, असा हिशेब. पण नावं तर सगळी कागदाखाली! गडबडीत हात गेला तो भांडणावर.

पहिल्या ठोक्यालाच वाघरातली मेंढरं ताडकन उठली. कुत्री भुंकू लागली. तो गडी ओरडायला लागला तशी शेजारची माणसं धावत आली. काकांना बटण सापडेना. शेवटी मीच जाऊन टेप बंद केला. झालं, आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

आबांनी विचारलं, "हे काय हाय?"

उत्तर द्यायचं सोडून काका कॅसेट काढून उलटसुलट करू लागले. मग आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजवर त्यांच्यासमोर एका दमात चार वाक्यं बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले, कारण आता गमावण्यासारखं राहिलं काय होतं? म्हटलं, "आबा, तो वरडायलाय पण तो रागात न्हाई. त्याच्या मागं एक जाड आवाज हाय, तो त्याला सोडीत न्हाई. तुमी पुढच्या मेंढराला हाळी देताव अन् मागच्याला नुसतं हूं हूं करून धीर देताव, तसं. मागचा हाय म्हनून पुढचा एवढा वरडू शकायलाय."

आबा टेपजवळ सरकले. मग म्हणाले, "परत लाव." मेंढरं पुन्हा उठली, कुत्री पुन्हा भुंकली, पण आबा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मायनं चहा केला. काकांना जरा धीर आला तसा त्यांनी गिरणीही लावली. माय चुलीपुढून म्हणाली, "ह्यात कुनी दमच घेईना. मान्सं न्हाईत का ह्यात?" काका इतके खूश झाले की हातातला कप कलंडला. जाताना आबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. परत आले आणि मायला म्हणाले, सकाळी पोरीचा डबा बांध. पास माझ्या पिशवीत ठेवलेला होता.

मी बारावी झाले, बी.ए. झाले, पुढे पुण्यात शिकले, आणि आज परभणीत मुलांना शिकवते. पुण्यात एकदा मैत्रिणीकडे जाणकारांची बैठक होती. एका गृहस्थांनी जॅझमधल्या एका थोर वादकाचं नाव घेतलं आणि तुम्ही त्यांचं काही ऐकलंय का म्हणून मला विचारलं. मी प्रामाणिकपणे नाही म्हणाले. त्यांनी कीव आल्यासारखं हसून तबकडी लावली, आणि मी ओरडले, "अहो, हा तर आमचा दमेकरी!" सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुढे एकेकाची नावं कळत गेली. ज्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिलेत अशी ती जगभरातली माणसं मला सतराव्या वर्षी पूर्ण्याच्या ओट्यावर भेटली होती, आणि मी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलले होते. हे भाग्य पैसा ओतूनही मिळत नाही.

निवृत्तीनंतर काका पेट्यांसह मुलीकडे सिकंदराबादला गेले. मागच्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी पाया पडले आणि इतकी वर्षं मनात होतं ते बोलले, की तुम्ही त्या रविवारी आला नसता तर मी आज चुलीपुढे असते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग म्हणाले, "मी तुझ्या कालेजासाठी न्हवतो आलो, पोरी. लय वर्षं एकट्यानं ऐकलं मी. कुनाला सांगावं तर येडं म्हनायचे. तू आलीस अन् पहिल्यांदा कुनीतरी संगं ऐकायला मिळालं. तू बंद झालीस तर परत एकटं ऐकावं लागंल, त्या भ्यानं आलतो." आणि चोरी पकडल्यासारखं तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. मला त्या क्षणी ते जितके माझे वाटले तितके कधीच वाटले नव्हते.

चार महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी चुडाव्यातच होते. आबा आता थकलेत, कानानं कमी ऐकतात, म्हणून जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, हातोडीकाका गेले. काका शेवटी काय म्हणाले होते तेही सांगितलं.

"ठाव हाय मला," आबा म्हणाले. "त्याचा हात कसा कापायलता ते म्या बघितलं व्हतं. वाईट चालीचा मानूस आसता तर गोड बोलला आसता. ह्यो एवढा भेलेला, तरी आलता. म्हनून तर तुला जाऊ दिलं."

मग त्यांनी काठी घेतली, मायला पटका मागितला आणि मला विचारलं, सिकंदराबादची गाडी किती वाजता आहे.