वाफवालीच्या चित्रातला हात

वाफवालीला वाफवाली म्हणायला सुरुवात केली ती समोरच्या शिंपीणकाकूंनी, आणि शिंपीणकाकूंनी एकदा माप घेतलं की ते बदलत नाही. ही बाई पूर्वी खानावळींच्या पाट्या रंगवायची. अक्षरं यथातथाच, पण पाटीच्या कोपऱ्यात सुपाचा वाडगा काढून त्यावर अशी वाफ काढायची की जाणारे-येणारे थांबून नाक पुढे करायचे. मीही केलंय एकदा, सांगायला लाज कसली. चार दिवस नाकाचा शेंडा पांढरा होता.

पुढे पाट्या छापून यायला लागल्या आणि तिचे ब्रश डब्यात उभ्या उभ्या वाळले. ती रडत बसली नाही. एआय शिकली. जपानी अ‍ॅनिमे सिनेमात जेवण दाखवतात ना, पिवळाधमक बलक, पावाच्या कडेवर सांडलेलं ऊन, सगळं कुणीतरी जीव लावून हाताने रंगवल्यासारखं, तशी चित्रं ती खानावळींच्या मेनूकार्डांसाठी करून द्यायला लागली. कॉम्प्युटर जेवणाच्याच टेबलावर. तिथे बसून ती कृती लिहावी तसं वर्णन लिहायची : जलरंग, जाडसर कागद, डावीकडून ऊन, वाडग्याच्या काठावर तेलाचा एक थेंब. चित्र आलं की एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा, आणि परत.

"सगळं मशीनच करतं म्हणे. मग तू काय करतेस गं?" शिंपीणकाकूंनी एकदा टोचून पाहिलं.

"तुमचंही मशीनच शिवतं ना काकू? मी कधी विचारलं?"

काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. गल्लीला तेवढाच आराम.

घरात ती आणि तिचे वडील. वडील म्हणजे आमचे भट्टीवाले. चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहरा सतत कुणीतरी फसवल्यासारखा. त्यांची बायको गेल्या थंडीत गेली. बाई फार कडक. तिच्या घरात एकच कायदा : जेवायला जो उशिरा येईल त्याचा वाडगा टेबलावर पालथा. वाडगा पालथा झाला की चूल बंद, मग कितीही गयावया करा. भट्टीवाल्यांनी स्वतःच्या घरात पालथ्या वाडग्यासमोर बसून कितीदा कोरडा पाव चावलाय, हे साऱ्या गल्लीला पाठ. भिंती पातळ आणि आमचे कान लांब.

बाई गेली आणि म्हाताऱ्याची भूकही तिच्या मागे गेली. डॉक्टरांनी तपासून मुलीला बाजूला घेतलं. "पोटात रोग नाही आणि अन्नही नाही. काहीही करून खायला घाला, नाहीतर हे पुढचा उन्हाळा बघायचे नाहीत."

वाफवालीने सगळं करून पाहिलं. शेवटी तिला जे येत होतं ते केलं. आईच्या बटाट्याच्या सुपाचं चित्र केलं. वर्णन लिहिता लिहिता, काय मनात आलं कोण जाणे, शेवटी दोन शब्द घातले : आईने वाढलेलं. चित्र छापून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं. भट्टीवाल्यांनी त्याच्याकडे पाहत पाहत अर्धा वाडगा सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी तेच चित्र ठेवलं तर म्हातारा भडकला. "हे कालचं आहे. मला शिळं वाढतेस?"

मग रोज नवं चित्र. रोजचं वर्णन कुठे लिहीत बसा, म्हणून कालचंच उतरवून घ्यायचं आणि एखादी ओळ बदलायची. त्या घाईत ते शेवटचे दोन शब्द खानावळींच्या चित्रांतही गेले. मशीनला काय माहीत कुणाची आई! पण चित्रं अशी उतरायला लागली की एका खानावळीचा मालक म्हणाला, "काय घालतेस गं यात? लोक मेनूकार्ड चाटतील माझं."

तोच मालक पंधरा दिवसांनी ऑम्लेटचं चित्र घेऊन आला. "झकास आहे, पण हा हात कुणाचा? आमच्या वाढप्याचा नाही. इतका स्वच्छ हात त्याला जन्मात जमायचा नाही."

चित्राच्या कडेला, बशी खाली ठेवणारा एक हात होता. वाफवाली हसली आणि मग तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. नख अर्धं काळं, तिरकं. तिच्या आईचा अंगठा भट्टीच्या दारात सापडला होता तेव्हापासून तसाच होता. हे तिने कधीच, कुठेच लिहिलं नव्हतं. शिवाय मशीन माणसाचा हात काढतं तेव्हा बोटं मोजायची सोय नसते, सहा काय, सात काय. या हाताला नेमकी पाच होती.

तिने ते दोन शब्द पुसले. हात गेला नाही. उलट दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत आला, बाहीसकट. बाहीला शिंपीणकाकूंनी लावलेलं ठिगळ. काकूंना दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला, टाका ओळखला, आणि तशाच घरी गेल्या.

मग चित्रात टेबल आलं. टेबलावर दोन वाडगे आले. एक त्या हाताच्या बाजूला, एक समोर.

इकडे खऱ्या टेबलावर भट्टीवाल्यांचा चमचा कोरडा राहायला लागला. म्हातारा चित्रासमोर बसायचा, तोंड हलवायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "आज मीठ बरोबर पडलंय." सूप जसंच्या तसं, वर साय धरलेली. आणि दुसऱ्या दिवशीच्या नव्या चित्रात समोरचा वाडगा अर्धा रिकामा. शेजारच्या पावाला चावा घेतलेला, आणि त्या चाव्यात मधोमध एक फट. भट्टीवाल्यांचा पुढचा एक दात नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हाताऱ्याच्या पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली तेव्हा वाफवाली रडकुंडीला आली. "बाबा, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

"खाल्लं की. तिने दोनदा वाढलं."

"बाबा!"

"ओरडू नकोस. उद्यापासून तिकडेच बस म्हणाली. रोज कशाला ये-जा करायची?" हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू शेजारच्या खोलीत पलंग हलवायचा होता.

तिने चित्रं बंद केली. तर म्हातारा टेबलावरच येईना. दोन दिवस पाण्याचा घोटसुद्धा नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. चित्र ठेवलं तर तिकडे जातो, नाही ठेवलं तरी जातो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाराच्या सुमारास, वाफवाली कॉम्प्युटरसमोर बसली. शिंपीणकाकू तेव्हा तिथेच होत्या, त्यांनीच मला हे सांगितलं, आणि या एका बाबतीत त्यांनी पदरचं काही घातलं नसावं. वाफवालीने जलरंग लिहिलं नाही, ऊन लिहिलं नाही, वाफसुद्धा लिहिली नाही. एवढंच लिहिलं :

आई, बाबा जेवायला उशिरा येतील. खूप उशिरा.

मशीनने नेहमीपेक्षा फार वेळ घेतला. मग चित्र आलं. तेच टेबल, तेच डावीकडचं ऊन. एका वाडग्यातून वाफ निघतेय. समोरचा वाडगा पालथा, आणि त्याच्या बुडावर काळ्या नखाचा हात घट्ट टेकलेला.

"बाबा, पान मांडलंय," तिने हाक मारली.

भट्टीवाले भिंतीला धरत धरत आले. चित्र पाहिलं. त्या चेहऱ्यावर भुवया असत्या तर कपाळावर चढल्या असत्या.

"पालथा? मला?" ते म्हणाले. "किती वाजलेत?"

"सव्वाबारा."

"मग उशीर कुठे झालाय? काकू, तुम्ही सांगा, झालाय उशीर?"

काकूंनी मान हलवली, कुठल्या दिशेला ते त्यांनाही आठवत नाही.

"जन्मभर हेच केलं हिने! स्वतःला काय समजते?" म्हाताऱ्याने खुर्ची ओढली, चित्राकडे पाठ करून बसला आणि टेबलावर मूठ आपटली. "दे गं तुझं ते पाणचट सूप. आणि पाव आण, दोन आण. बघू दे तिला."

त्या दिवशी त्यांनी तीन वाडगे संपवले. पट्ट्याची नवी भोकं आता बुजायला आलीत. रोज वेळेवर, रागारागाने, चित्राकडे पाठ करून जेवतात. पुढचा उन्हाळा आला तसा गेलाही.

खानावळींसाठी वाफवाली आता कोऱ्या पानावर रोज नवं वर्णन लिहिते, कालचं उतरवून घेत नाही. ते पालथ्या वाडग्याचं चित्र मात्र तिने जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावलंय. परवा मी मुद्दाम बघायला गेलो. वाडगा पालथाच आहे. फक्त हात आता त्याच्या बुडावर नाही. काठाशी आलाय, बोटं खाली सरकवलेली, वाडगा सुलटा करायच्या आधी धरतात तशी.

वाफवालीला मी हे सांगितलं नाही. ती बाबांना दुसऱ्यांदा वाढत होती.